‘देशी’ असणे पुरेसे नाही : आदिवासी भागातील समुपदेशन आणि आपण

मनोविकार व समुपदेशन हा विषय आता आपल्या परिषदांच्या व्यासपीठांवर स्थिरावला आहे. सत्त्वावजय चिकित्सेवर निबंध वाचले जातात, मेध्य रसायनांवर चर्चा झडतात. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ‘मनोविज्ञान व मानसरोग’ या विषयातील आयुर्वेदाच्या पदव्युत्तर पदवीधारकास मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत स्थान दिल्यापासून या चर्चेला नवा आत्मविश्वासही लाभला आहे. याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु या साऱ्या प्रतिपादनांत एक गृहीतक वारंवार डोकावते, आणि ते तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते. ते असे : पाश्चात्त्य मानसोपचार परका आहे, आयुर्वेद या मातीतला आहे; सबब जो आदिवासी रुग्ण मनोविकारतज्ज्ञापुढे तोंड उघडत नाही, तो वैद्यापुढे आपोआप मोकळा होईल.

आयुर्वेद येथलाच आहे, हे खरे. पण ‘येथला’ म्हणजे नेमका कोठला, हा प्रश्न मेळघाटातील कोरकू, भामरागडमधील माडिया गोंड किंवा अक्राणीतील पावरा माणसाच्या जागी उभे राहून विचारला, की उत्तर बदलते. संस्कृत ग्रंथांची परंपरा, प्रमाण मराठी, शहरातील महाविद्यालयीन शिक्षण, शासकीय शिक्का, टेबलापलीकडची खुर्ची हे सारे त्याच्या दृष्टीने बाहेरचेच आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरापेक्षा आपण त्याच्या अधिक जवळचे आहोत, ही आपली समजूत आहे, त्याची नव्हे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नवसंजीवनी योजनेखाली भरारी पथकांतून मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणून ज्यांनी दुर्गम पाडे पायाखाली घातले, त्यांत बी.ए.एम.एस. पदवीधरांचा वाटा फार मोठा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या घरात, म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक होती. यांतील कितीतरी जणांना आयुष्यात भेटणारा पहिला, आणि पुष्कळदा शेवटचा, पदवीधर चिकित्सक हा आपलाच व्यवसायबंधू असतो. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे त्यात आढळले. (या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे लक्षात ठेवावे.) डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सादर केलेल्या अहवालातही मानसिक आरोग्य व व्यसनाधीनता हा आदिवासी आरोग्यावरील एक प्रमुख भार म्हणून नोंदविला आहे. तेव्हा हे काम आपल्या दारात आलेले आहेच. ते कसे करावे, एवढाच प्रश्न उरतो.

या संदर्भात न्यूझीलंडमधील एका विचाराची ओळख करून देणे आम्हांस आवश्यक वाटते. इरिहापेती रॅम्सडेन (१९४६–२००३) या माओरी समाजातील परिचारिकेने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली, आणि १९९२ मध्ये तेथील परिचर्या परिषदेने ती शिक्षणक्रमात आवश्यक ठरविली. त्यावर पुढे वृत्तपत्रांतून मोठा गदारोळही झाला. कारण रॅम्सडेन यांचे म्हणणे गुळमुळीत नव्हते. परिचारिकांनी माओरींच्या चालीरीती पाठ कराव्यात, एवढेच त्यांना नको होते. तसे पाठांतर करून माणूस अधिकच अहंमन्य होतो. परिचारिकेने प्रथम स्वतःची संस्कृती, स्वतःचे पूर्वग्रह आणि आपल्या हातातील सत्ता ओळखावी, असा त्यांचा आग्रह होता. आणि सेवा सुरक्षित होती की नव्हती, याचा निवाडा सेवा देणाऱ्याने करावयाचा नाही, घेणाऱ्याने करावयाचा. हा दुसरा मुद्दा पचविणे कोणत्याही चिकित्सकाला जड जाते. आपल्यालाही जाईल.

वस्तुतः आपल्या शास्त्राला हे अगदीच अपरिचित नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात ‘देश’ या परीक्ष्य भावाचे दोन अर्थ सांगितले : एक भूमी, दुसरा प्रत्यक्ष रुग्ण. त्या भूमीतील माणसांचा आहार, विहार, आचार, बल, सत्त्व आणि सात्म्य जाणून घेतल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही, असा तेथील आशय आहे. आपण हा भाग विद्यार्थिदशेत पाठ करतो आणि व्यवसायात त्यातून केवळ जांगल, आनूप व साधारण एवढी विभागणी शिल्लक ठेवतो. आचार आणि सत्त्व यांची परीक्षा मागे पडते. किंवा झालीच तर अशी होते की, प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या, जमिनीकडे पाहत बसलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘अवर सत्त्व’ असा शेरा पडतो. अनोळखी अधिकाऱ्यापुढे गप्प राहणे हे त्या माणसाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण असू शकेल, हे कोणाच्या मनात येत नाही. वनखात्याचा, महसुलाचा आणि पोलिसांचा अनुभव घेतलेला समाज आहे तो.

दुसरी एक विसंगती तर अधिक बोचणारी आहे. वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ व इतर वनवासी जाणतात, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मान्य केले आहे. आपल्या फार्मसींचा कच्चा माल आजही त्यांच्याच हातून येतो. सफेद मुसळी कोठे उगवते, बेहडा केव्हा गोळा करावा, यासाठी आपण त्यांचा शब्द प्रमाण मानतो. मग त्याच माणसाने आपल्या दुःखाचे जे निदान स्वतः केलेले असते, ते ऐकताना आपल्या ओठांवर हसू का येते?

भाषेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुलातील भाषा आहे, संथाळी व मुंडारी यांच्या नात्यातली. माडिया ही द्राविडी कुलातली. ज्याला आपण ‘मराठी समजते’ असे म्हणतो, त्याला बाजारातील भाव आणि एस.टी.ची वेळ समजते. जीव का लागत नाही हे सांगण्याइतकी मराठी त्याच्यापाशी नसते. परिणामी तो जे सांगू शकतो तेवढेच सांगतो : अंग दुखते, झोप नाही, पोटात गोळा येतो. आपण वातशामक काढा देतो आणि रुग्ण पुन्हा येत नाही. यावर उपाय म्हणून घरच्या माणसाला दुभाषी केले जाते. सुनेची व्यथा सासू सांगते, बायकोची नवरा सांगतो, आणि जे सांगावयाचे होते तेच नेमके गळून पडते. गावातील आशा कार्यकर्ती हा बरा पर्याय आहे. पण तीही गावातीलच, कोणाची तरी भावजय असते. ऐकलेले बाहेर जाणार नाही, याची शाश्वती तिला कोणी शिकवलेली नसेल, तर तिच्या उपस्थितीत कोण मन मोकळे करील? दुभाषी हा समुपदेशनाचा अर्धा भाग आहे. त्याला प्रशिक्षण व मानधन द्यावे लागते. याला पर्याय नाही.

आता भगताविषयी. पालघर-नाशिककडे भगत, मेळघाटात भूमका, सातपुड्यात बडवा, अशी नावे वेगळी. पण मनाने आजारी पडलेला माणूस आधी तेथे जातो, हे सर्वत्र सारखे आहे. आपल्यापैकी काही जण विज्ञाननिष्ठेच्या भरात त्याची टवाळी करतात. त्यांना आम्ही आपल्याच ग्रंथातील दैवव्यपाश्रय चिकित्सेची आठवण करून देऊ इच्छितो. मंत्र, मणी, बली, उपहार, होम, प्रायश्चित्त, उपवास ही सारी त्या यादीत आहेत. भूमकाची कोंबडी ही अंधश्रद्धा आणि आपला होम मात्र चिकित्सा, हा भेद कोणत्या प्रमाणावर करावयाचा? कोरकूंमध्ये मृतासाठी सिडोलीचा विधी असतो आणि त्यात कोरीव लाकडी स्मृतिफलक उभारला जातो. खर्चामुळे हा विधी लांबणीवर पडतो. असा विधी राहिलेल्या घरातील मुलाची झोप उडाली असेल, तर त्याला शोकाचे टप्पे समजावून सांगण्यापेक्षा ‘विधी केव्हा करणार आहात, काय अडले आहे?’ असे विचारणे हे अधिक चांगले समुपदेशन होय. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ या उपक्रमाने मुजावर व मनोविकारतज्ज्ञ यांची सांगड घातली. श्रद्धास्थानाला न हिणवता औषधाला जागा करून देता येते, याचे ते उदाहरण आहे.

मात्र आदराच्या नावाखाली सर्वच मान्य करावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सांस्कृतिक सुरक्षितता म्हणजे रूढीला अभय नव्हे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण मरण पावले. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. मेळघाटात लहान मुलांच्या पोटावर तापल्या सळईने डागण्याचा ‘डंबा’ प्रकार चालतो. आपल्याकडे अग्निकर्म आहे म्हणून कोणी त्याची पाठराखण करू लागला, तर सुश्रुताचार्यांनी बालक, वृद्ध व भित्र्या व्यक्तीस अग्निकर्म वर्ज्य सांगितले आहे, एवढे त्याला दाखवावे.

आणि सातपुड्यातील ‘डाकीण’. या एका विषयावर आम्हांस थोडे थांबावेसे वाटते, कारण येथे वैद्याच्या एका निष्काळजी प्रश्नाने एखाद्या स्त्रीचा जीव धोक्यात येऊ शकतो. घरात मूल दगावले, पाठोपाठ सून भ्रमिष्टासारखी वागू लागली, की पाड्यातील एखाद्या विधवेकडे, भावकीतील एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखविले जाते. पुष्कळदा त्या बोटामागे जमिनीचा तुकडा असतो. असे कुटुंब रुग्णाला घेऊन आपल्याकडे आले असता, त्यांच्या भाषेत बोलण्याच्या उत्साहात ‘कोणावर संशय आहे का?’ असे विचारणे म्हणजे त्या आरोपावर दवाखान्याची मोहोर उमटविणे होय. पदवीधर डॉक्टरनेही विचारले, म्हणजे काहीतरी आहेच, असा निरोप पाड्यावर पोहोचतो. आगंतु उन्मादाचे वर्णन आपल्या ग्रंथांत असल्यामुळे हा मोह आपल्याला इतरांपेक्षा अधिक. परंतु चरकाचार्यांनी निदानस्थानात उन्मादाच्या मुळाशी प्रज्ञापराध सांगून देव-पिशाचादिकांवर दोष टाकण्यास स्पष्ट नकार दिला आहे, हेही आपण वाचलेले असते. अर्थात, ‘दोष तुझाच’ असे रुग्णाला ऐकविणे हाही त्या सिद्धान्ताचा दुरुपयोगच. अशा वेळी वैद्याने एवढेच ठामपणे सांगावे की, हा आजार आहे, तो कोणी केलेला नाही, आणि त्यावर उपचार आहेत. हे शक्य तर कुटुंबातील कर्त्या माणसांसमोर आणि गावच्या पोलीस पाटलाच्या कानावर जाईल अशा बेताने सांगावे. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचा छळ करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. येथे जिची सुरक्षितता पाहावयाची ती केवळ समोर बसलेली रुग्ण नाही. पाड्यावर राहिलेली ती दुसरी बाईदेखील आहे.

औषधनिर्मात्या व विक्रेत्या बंधूंसाठी एक मुद्दा स्वतंत्रपणे मांडतो. मानसरोगांत सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट ही आपली नित्याची औषधे. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, साधारणतः पाच ते दहा टक्के. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला झोपेसाठी अरिष्ट देणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार व्हावा. त्यातून तो व्यसनमुक्ती केंद्रातून डायसल्फिराम घेत असेल, तर अरिष्टातील मद्यार्काने तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते. तेथे चूर्ण, घृत वा क्वाथ हेच कल्प योग्य. निद्रानाशासाठी सर्रास दिली जाणारी सर्पगंधाही नैराश्य असलेल्या रुग्णात ते वाढवू शकते. बाजाराच्या दिवशी ‘ताकदीचे’ म्हणून बाटल्यांचे खोके संपविणाऱ्यांना हे रुचणार नाही. पण आदिवासी गिऱ्हाईक तक्रार करीत नाही, एवढ्यावरून माल निर्धोक ठरत नाही.

दारूचाच विषय निघाला आहे, तर मोहाविषयीही बोलले पाहिजे. मोहाची धार देवाला वाहणारा समाज आणि रोज पाऊच विकत घेऊन पिणारा समाज या दोन भिन्न गोष्टी आहेत, जरी माणसे तीच असली तरी. ‘दारू पाप आहे’ हे प्रवचन पहिल्याचा अपमान करते आणि दुसऱ्याला मुळीच शिवत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये लोकांच्या आंदोलनातून दारूबंदी आली, आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान गावोगाव काम करीत आहे. तेथील अनुभव असा की, मर्यादा कोठे घालावयाची हे गावाने, त्यातही गावच्या स्त्रियांनी, ठरविले म्हणजे ती टिकते.

गडचिरोलीचेच आणखी एक उदाहरण. ‘सर्च’ या संस्थेने शोधग्राममध्ये रुग्णालय उभारताना आधी आदिवासींना विचारले. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची आणि नातलगांपासून दूर ठेवले जाण्याची भीती वाटते, असे त्यांनी सांगितले. म्हणून तेथे झोपड्यांच्या धर्तीवर इमारती बांधल्या गेल्या, आप्तांना सोबत राहण्याची सोय झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. या गोष्टींना आपल्यापैकी काही जण सजावट समजतात. ती चिकित्सेची पूर्वतयारी आहे, असे आमचे मत आहे. बंद दाराआड एकट्याने बोलणे हा शहरी समुपदेशनाचा पाया मानला जातो. तेच बंद दार पाड्यावरच्या तरुणीला धोक्याचे वाटते. झाडाखाली, दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा अंतरावर मैत्रिणीला बसवून ती अधिक बोलेल. घरातच मार खाणाऱ्या बाईचे मात्र नेमके उलटे : तिला सोबतीला आलेल्यांपासून काही क्षण दूर न्यावे लागते. येथे नियम नाही, तारतम्य आहे.

वेळेचेही तसेच. ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ हे वाक्य दिवाळीनंतर कामासाठी स्थलांतर करून होळीला परतणाऱ्या कोरकू कुटुंबाला निरर्थक आहे. मोह वेचण्याच्या आणि तेंदूपानांच्या दिवसांत दवाखाना ओस पडतो. त्याचा अर्थ रुग्ण बरे झाले असा नव्हे.

एक इशारा येथे देणे भाग आहे. सरदार सरोवरामुळे सातपुड्यातील गावे उठली, मेळघाट व्याघ्रप्रकल्पातूनही गावे हलविली गेली. गावदेव, पूर्वजांच्या जागा, नदी, सारे मागे राहिले. अशा माणसाला झोप लागत नाही, तेव्हा त्याला धी, धैर्य आणि आत्मज्ञानाचे धडे देऊन शांत करणे हा सत्त्वावजय नव्हे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हे खरे. पण हिरावली गेलेली जमीन मागणे हा अहितकर विषय आहे, असे ठरविणारे आपण कोण? त्याची भूक, झोप, नैराश्य यांवर अवश्य उपचार करावेत. त्याच्या अर्जावर जे प्रमाणपत्र लागते तेही द्यावे. तक्रारीला रोगाचे नाव मात्र देऊ नये.

आपल्या संघटनेने या बाबतीत काय करावे, यासंबंधी आमच्या सूचना थोड्याच आहेत. आदिवासी तालुक्यांत काम करणाऱ्या वैद्यांसाठी वर्षातून एकदा शिबिर घ्यावे, आणि त्यात शिकविण्यासाठी प्राध्यापकांबरोबर कोरकू, माडिया, पावरा, वारली समाजांतील आशा कार्यकर्त्या, आश्रमशाळांतील शिक्षक आणि बरे झालेले रुग्ण यांना बोलवावे; त्यांना इतर व्याख्यात्यांइतकेच मानधन द्यावे. पदव्युत्तर पात्रता नसलेल्या वैद्याने कायद्यानुसार आपली मर्यादा ओळखून प्रथमोपचार, ऐकून घेणे आणि योग्य ठिकाणी पाठविणे एवढे चोख करावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचा संपर्क आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक दवाखान्यात व औषधाच्या दुकानात लावावा. आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्या माणसाशी गुन्हेगारासारखे वागू नये. २०१७ च्या कायद्याने, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरले आहे.

आणि शिबिराच्या अखेरीस अभिप्रायाचे फॉर्म भरून घेताना केवळ वैद्यांचे भरून घेऊ नयेत. त्या त्या तालुक्यातील दहा-पंधरा रुग्णांकडून, वैद्याच्या अनुपस्थितीत, त्यांच्या भाषेत तोंडी उत्तर घ्यावे : या वैद्याकडे पुन्हा जाल का, आणि आपल्या माणसाला घेऊन जाल का? ती उत्तरे, वैद्यांची नावे वगळून, या त्रैमासिकात छापावीत. जागेची अडचण असल्यास आमचा हा स्तंभ त्यासाठी सोडण्यास आम्ही तयार आहोत.